सायकलचा पुढचा-मागचा लाइट, नऊ महिने सेकंड शिफ्टला वापरून

रिव्ह्यू जरा मोठा झालाय, पण रात्री कामावरनं सायकलने घरी जाणाऱ्या कुणीतरी वाचावा म्हणून सगळं लिहितोय. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, सेकंड शिफ्ट असली की बाराला सुटतो, मग अंबड लिंक रोडनं एक्सलो पॉइंट, गरवारे पॉइंट करत पाथर्डी फाट्याला घरी. पुढचा लाइट ४०० ल्युमेनचा, चार्जिंगवाला, ८९९ ला पडला आणि मागचा लाल ३४९ ला, दोन्ही ऑनलाइन घेतले. कंपनीचं नाव टाकत नाही कारण हाच माल पाच-सहा नावांनी विकायला आहे, नुसता बॉक्स बदलतो, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगतो.

आधी घेतले का ते. मागच्या जूनच्या शेवटी जोरात पाऊस होता म्हणून त्या दिवशी हिची स्कूटी घेऊन गेलो होतो. रात्री येताना लिंक रोडला समोरनं ट्रक, त्याचा अप्पर चालू, हेल्मेटच्या काचेवर पाण्याचे थेंब, त्या थेंबांत सगळा उजेड फुटलेला, आणि ट्रक पास झाला तेव्हा माझ्या पुढ्यात एकदम एक माणूस. काळा रेनकोट, काळी सायकल, कॅरिअरला डब्याची पिशवी. लाइट नाही, रिफ्लेक्टर असेल तर तो पिशवीमागं. हँडल कसं फिरवलं मला आठवत नाही, माझा आरसा त्याच्या रेनकोटच्या बाहीला घासून गेला एवढं आठवतंय. पुढं जाऊन थांबलो, मागं आलो, बघतो तर आमच्याच कंपनीतला, आमच्या शॉपमधला. त्याला तर कळलंच नव्हतं किती जवळून गेलं ते. तो मलाच म्हणाला, काय रे, सावकाश चालव ना. आणि मी रोज ह्याच रस्त्यानं, असाच, लाइट नसताना सायकल चालवत होतो. मला तोपर्यंत वाटायचं रस्ता मला दिसतोय ना, मग झालं. त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डर टाकली.

म्हणून पहिली गोष्ट हीच की लाइट आपल्याला दिसावं म्हणून कमी आणि आपण दिसावं म्हणून जास्त. त्या हिशोबानं मागचा लाइट आधी घ्या. बजेट एकाचंच असेल तर डोळे झाकून मागचा. लोक उलटं करतात, पुढं टॉर्चसारखा मोठा लाइट आणि मागं काहीच नाही. खड्डा चुकवायला पुढचा लागतो हे खरंच आहे, पण मागनं जो साठच्या स्पीडनं पिकअप घेऊन येतोय तो सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापतोय, त्याला आपण दिसल्यावर त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जाणार, म्हणजे वीस-पंचवीस मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच संपले.

लाइट आल्यावर मी एक टेस्ट केली. रविवारी रात्री अंधाऱ्या पट्ट्यात सायकल डांबराच्या खाली कडेला स्टँडवर लावली, मुलाला तिच्याजवळ पण रस्त्यापासून चांगला लांब उभा केला, आणि मी आणि ही स्कूटीवर, लोअर बीमवर, सावकाश मागनं आलो. लाइट बंद असताना सायकल आहे हे आम्हाला साधारण दीड खांबावरनं कळलं, तेही माहिती होतं की तिथं आहे म्हणून. मागचा लाइट चालू केला तर सहा खांबांवरनं लाल ठिपका स्वच्छ. मग ब्लिंकवर टाकून बघितलं. हिनं एक गोष्ट बरोबर पकडली, म्हणाली ब्लिंक लवकर लक्षात येतं पण किती लांब आहे ते कळत नाही, लाल दिसतो आणि जातो, पुन्हा दिसतो तोपर्यंत आपण अजून पुढं गेलेलो असतो. स्टेडीवर ठेवला तर अंदाज येतो. तेव्हापासून मी काळोखात स्टेडी वापरतो, संध्याकाळी दिवेलागणीला किंवा दिवसा पावसात ब्लिंक. तुमच्याकडं दोन लाइट असतील तर एक स्टेडी आणि एक ब्लिंक हे सगळ्यात भारी.

आता मागच्या लाइटचं खरंखुरं. बॅटरी मस्त आहे, स्टेडीवर रोज पाऊण तास धरला तर एका चार्जिंगमध्ये माझा पूर्ण आठवडा निघतो. बटण मोठं आहे, हातमोजे घालूनही दाबता येतं. प्रॉब्लेम बसवण्याचा आहे. तो सीटच्या खालच्या दांड्याला लावायला बनवलाय, आणि आपल्या सायकलींना कॅरिअर असतं, कॅरिअरवर डबा, पिशवी, कधी गॅसचं रेग्युलेटर तर कधी पाच किलो कांदे. म्हणजे लाइट चालू आहे पण दिसतोय फक्त पिशवीला. पावसाळ्यात तर रेनकोटचं मागचं टोक त्याच्यावर येऊन पडतं. पहिले चार दिवस मी असाच फिरलो, खुशीत, लाइट लावलाय म्हणून, आणि गेटवरच्या वॉचमन काकांनी सांगितलं की तुमचा लाइट दिसतच नाही. मग सुपरवायझरला विचारून स्क्रॅपमधली ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, एल आकारात वाकवली, दोन होल मारली आणि कॅरिअरच्या एकदम मागच्या टोकाला, मडगार्डच्या वर, नटबोल्टनं टाइट केली. लाइट आता तिथं असतो. दहा मिनिटांचं काम आहे, कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. कंपन्यांनी ही एक पट्टी बॉक्समध्ये दिली असती तर किती बरं झालं असतं, पण त्यांच्या फोटोत कॅरिअर असलेली सायकल कधी नसतेच.

पुढच्या लाइटबद्दल मात्र मी तेवढा खूश नाही. बॉक्सवर ४०० ल्युमेन, हायवर चार तास असं छापलंय. मी घड्याळ लावून बघितलं, फुल चार्ज, हाय मोड, घरात टेबलावर पंखा लावून, तर दोन तास चाळीस मिनिटांनी डिम झाला. मीडियमवर पाच तासाच्या वर गेला, आणि रस्त्यावर खांबाचे दिवे असतील तिथं मीडियम भरपूर होतं. हाय मी फक्त लिंक रोडच्या काळोख्या पट्ट्यात लावतो, तिथं खड्ड्यांना पर्याय नाही. हँडलवर लावलेल्या लाइटचा एक फायदा, खड्ड्याच्या अलीकडच्या काठाची सावली आत पडते त्यामुळे खोली कळते, हे हेल्मेटवर टॉर्च बांधलेल्यांना तितकं मिळत नाही.

पण ह्याचा बीम गोल आहे, टॉर्चसारखा, वरही तेवढाच जातो. समोरनं येणाऱ्याच्या सरळ डोळ्यात. जर्मनीत सायकलच्या लाइटला पण कारसारखा वरनं कट लागतो, म्हणजे उजेड ठरावीक उंचीच्या वर जात नाही, समोरच्याला चमकता कामा नये असा नियमच आहे, आपल्याकडं येणाऱ्या स्वस्त लाइटमध्ये तो नसतो. म्हणून खाली झुकवा. माझं माप असं, बीमचा सगळ्यात उजळ गोळा पुढच्या चाकापासून पाच-सहा मीटरवर डांबरावर पडला पाहिजे. समोरनं चालत येणारा माणूस डोळ्यावर हात धरत असेल तर तुमचा लाइट वर आहे, हे समजून घ्या. लाइटनं दुसऱ्याला आंधळं करून आपण सेफ होत नाही, तो आपल्यावरच येतो.

पाण्याचं. बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलेलं, खाली बारीक अक्षरात आयपीएक्स ४. ह्याचा अर्थ शिंतोडे चालतील, एवढाच. ऑगस्टच्या पावसात मागच्या चाकाचं, गाड्यांचं, वरनं सगळीकडनं पाणी, चार्जिंगच्या रबरी झाकणातनं आत गेलं आणि काचेला आतनं वाफ धरली. उन्हात वाळवून झाकणाच्या कडेनं सिलिकॉन लावलं, मग चाललं. तुम्ही घेताना आयपीएक्स ६ तरी बघा, त्यात पाण्याचा फवारा पकडलेला असतो. आणि चार्जिंगला टाइप सी, जुन्या बारक्या पिनचा घेऊ नका, नेमकं शिफ्टला निघताना केबल सापडत नाही. रबर स्ट्रॅप सहाव्या महिन्यात तडकला, जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधलाय, अजून तसाच आहे.

वडिलांना हे लाइट दाखवले तेव्हा त्यांनी हातात घेऊन बराच वेळ बघितले. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, सायकलनंच जायचे. त्यांच्या सायकलला डायनॅमो होता, बाटलीसारखा, टायरला टेकवला की घर्रर्र करत फिरायचा आणि पायडल जड व्हायचं. सहा व्होल्ट, तीन वॅट, त्यातच पुढचा बल्ब आणि मागचा लाल. चार्जिंग नाही, सेल नाही, तुम्ही चालवताय तोपर्यंत उजेड. एकच वाईट, थांबलात की अंधार, म्हणजे चौकात जिथं गाड्या मागनं येऊन थांबतात तिथं नेमके तुम्ही दिसत नाही. वडील सांगतात तेव्हा दिवा नसला की पोलीस सायकल अडवायचे, चाकाची हवा सोडायचे, मग ढकलत घरी. तेव्हा लाइट हा सायकलचा भाग होता, घंटी असते तसा. आता नवीन सायकल घेतली तर तो एक्स्ट्रा झालाय.

रिफ्लेक्टर आहे ना मग लाइट कशाला, हे मला शॉपमध्ये खूप जण म्हणतात. रिफ्लेक्टर पाहिजेतच, २०२० ला सरकारनं त्यांच्या क्वालिटीसाठी ऑर्डर पण काढलीय, नवीन सायकलला पुढं मागं, पायडलला, चाकांना असतात. पण रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. त्याच्यावर हेडलाइट पडला तरच चमकणार. गल्लीतनं बाहेर येणाऱ्या गाडीचा उजेड तुमच्यावर पडायच्या आत ती तुमच्यापर्यंत आलेली असते, आणि ज्या ट्रॅक्टरचा स्वतःचाच एक लाइट बंद आहे त्याच्यापुढं रिफ्लेक्टरचं काय चालणार. शिवाय चिखल. पायडलचे रिफ्लेक्टर मात्र पुसून ठेवा, ते वरखाली होतात म्हणून लगेच कळतं की ही सायकल आहे. मी घोट्याला चमकणारी पट्टी पण बांधतो, सेफ्टीच्या दुकानात जॅकेटसोबत मिळाली.

आपल्या नाशिकमध्ये सायकलचं वेड किती आहे हे सांगायला नको. इथल्याच डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तिथं रात्री सायकलच्या मागं सपोर्टची गाडी लाइट लावून चालवावीच लागते. बीआरएमवाल्यांना, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलनं पूर्ण करणाऱ्यांना, तीनशे किलोमीटरला वीस तास असतात, म्हणजे रात्र लागतेच, आणि लाइट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर सोडत नाहीत. पहाटे गंगापूर रोडला जे ग्रुप निघतात त्यांच्याकडं एकेकाच्या मागं दोन-दोन लाइट असतात, बघून छान वाटतं. पण रात्री बाराला एमआयडीसीतनं जी माणसं निघतात, पहाटे चारला जे पेपर आणि दूध टाकतात, त्यांच्या सायकलला काही नसतं. रोज अंधारात तेच असतात. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ३४९ म्हणजे खूप नाही पण महिनाअखेरीला खूप असतात हे मलाही माहितीये. पीएफ, इन्शुरन्स, सेफ्टी शूज जसे कंपनी देते तसा सायकलवाल्याला एक मागचा लाइट दिला पाहिजे असं मी आमच्या सेफ्टी कमिटीत बोललोय, अजून लेखी उत्तर नाही, पण विषय मिनिट्समध्ये घेतलाय.

तर माझे मार्क, मागचा लाइट पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क ब्रॅकेटसाठी कापला. पुढचा तीन, परत घेतला तर कट बीमवाला बघीन, थोडे पैसे जास्त गेले तरी. स्टँडला सायकल लावली की दोन्ही काढून खिशात घालायची सवय लावा, माझ्या शेजारच्या सायकलचा दुसऱ्याच दिवशी गेला. आणि तो रेनकोटवाला मित्र, त्याला मी माझ्याच ऑर्डरमध्ये मागचा एक मागवून दिला होता. त्याची पट्टी पण मीच वाकवून दिली, थोडी तिरकी झालीय, ह्या रविवारी सरळ करायची आहे.