इलेक्ट्रिक कारचा किलोमीटरमागचा खर्च : नाशिकमधील वापरानंतरचा अनुभव

गंगापूर रोडवरील घरापासून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत रोज ये-जा करण्यासाठी मी ४०.५ किलोवॅट-तास बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही घेतली, त्याला आता वर्ष होत आले. एका पूर्ण चार्जवरचा प्रमाणित पल्ला ४६५ किलोमीटरचा असला तरी एसी सुरू ठेवून मला २८० ते ३०० किलोमीटर मिळतात आणि माझ्या कामाला ते पुरतात. नवे ग्राहक बहुधा पल्ल्याचीच चौकशी करतात. माझ्या मते त्यांनी आधी घरचे वीजबिल नीट वाचावे.

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. आमच्या घरचा मूळ वापरच तीनशे युनिटांच्या जवळ जातो, त्यामुळे कारसाठी लागणारे जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडते आणि वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे शुल्क) व १६ टक्के विद्युत शुल्क धरून ते मला १८ रुपयांच्या आसपास पडत होते. शिवाय गाडीच्या पडद्यावर १०० किलोमीटरला १४ युनिटे दिसत असली तरी चार्जिंगमधील घट धरून मीटरवर १६ पडतात, आणि पैसे मीटरप्रमाणेच भरावे लागतात. म्हणजे किलोमीटरला सुमारे २ रुपये ९० पैसे. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीला हाच खर्च ७ रुपयांच्या घरात होता. बचत निश्चितच मोठी आहे. मात्र ‘किलोमीटरला एक रुपया’ हा सर्रास सांगितला जाणारा आकडा पहिल्या टप्प्यातील दरावर बेतलेला असतो, आणि ज्या घरात कार आहे ते घर सहसा त्या टप्प्यात नसते.

चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते गच्चीवर ३ किलोवॅटचा सौरसंच बसवल्यावर. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पावसाळा वगळता महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटे तयार होतात आणि नेट मीटरिंगमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा होत असल्यामुळे, ती बिलातील सर्वांत महाग युनिटे आधी कमी करतात. ज्यांना स्वतःची गच्ची आहे त्यांनी गाडीबरोबरच या खर्चाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

घरी मी १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरच चार्ज करतो. त्यातून साधारण ३ किलोवॅट मिळतात, त्यामुळे रोजची १०-११ युनिटे चार तासांत भरून निघतात. सार्वजनिक जलद चार्जरवर १८ टक्के जीएसटीसह युनिटला २० ते २५ रुपये मोजावे लागतात, म्हणून तो फक्त मुंबईच्या प्रवासात वापरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने कसारा घाट उतरताना मोटर बॅटरीत वीज परत भरते आणि ठाण्यापर्यंतचा खर्च कमी दिसतो. परतताना तेवढी चढण चढण्यासाठीच अडीच-तीन युनिटे जास्त लागतात. त्यामुळे निघतानाच्या आकड्यावर विसंबून परतीचे चार्जिंग टाळू नये.

इंजिन ऑइल आणि फिल्टरचा खर्च उरलेला नाही आणि थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत मिळते. टायर मात्र गाडीच्या वजनामुळे लवकर झिजत आहेत, तेव्हा त्यांची तरतूद वेगळी ठेवावी लागेल.