बेस गिटारचे पार्ट बदलायला गेलो आणि ९८०० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

आधीच सांगतो, बेसच्या लाकडाला ड्रिल लावायच्या आधी पार्ट मोजा, वजन करा, मगच हात लावा. माझ्याकडून तेवढंच राहिलं आणि समोरच्याचा सगळा डाव त्यावरच होता.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याजवळचं गाव आहे, शेती करतो आणि सात वर्षांपासून ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नं, गणपती आणि नवरात्रात यवतमाळ. तिथला दुर्गोत्सव किती मोठा असतो ते विदर्भातल्यांना माहीतच आहे, आमचे वर्षातले सगळ्यात चांगले प्रोग्राम तेव्हाच असतात. बेस साधा आहे, ११५०० चा, चार तारांचा. आवाज चांगला, नेक म्हणजे दांडा सरळ, पण जाडी तार म्हणजे ई दोन गाणी झाली की उतरायची. गायक बिचारा सुरात आणि खालून मी बेसूर, स्टेजवर लय वाईट वाटते. म्हणून ठरवलं की लग्नसराईचे पैसे जमलेत त्यात ब्रिज (खाली तारा अडकवायची धातूची पट्टी) आणि ट्यूनिंग कीज (तार ताणायच्या चाव्या) चांगल्या टाकू. आमच्याकडे बेसचे पार्ट मिळत नाहीत, नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर, म्हणून व्हॉट्सॲपवर एका ग्रुपमध्ये विचारलं.

तिथं एकाचा पर्सनलवर मेसेज आला. एका नावाजलेल्या जपानी कंपनीचा ब्रिज आणि चार कीज, स्वतःच्या बेसवरून काढलेल्या, दोन्ही मिळून ६८००. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही, त्यांचं नाव कोणीतरी खोट्या मालावर कोरलं एवढंच. माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू, दादा दादा करत अर्धा तास बोलला आणि त्याला विषयातलं कळतही होतं. म्हणाला, "तुमचा स्केल ३४ इंच आहे ना, मग डोळे झाकून घ्या, १९५१ ला फेंडर कंपनीनं पहिला प्रिसिजन बेस काढला तेव्हापासूनचं माप आहे हे, सगळं बसतं." आता यात ३४ इंच खरं आणि १९५१ पण खरं, पण ते माप नटपासून (दांड्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतचं (ब्रिजवरचे तार टेकायचे तुकडे). ब्रिजच्या स्क्रूची भोकं कुठं आहेत, तारांमधलं अंतर किती, कीजसाठी हेडस्टॉकला, म्हणजे दांड्याच्या टोकाला, भोक किती मिलिमीटरचं लागते, याचं त्या मापाशी काही देणंघेणं नाही. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटी गोष्ट गळी उतरवली त्यानं.

पैसे आधी पाठवले. पार्सल आलं नेमकं खांदशेकणीच्या दिवशी, घरात पोळ्याची गडबड, मी घाईत फोडलं, व्हिडिओ काढला नाही. ही माझी पहिली चूक. पार्ट दिसायला एकदम चकचकीत, हातात घेतले तर बरं वाटलं. पण ब्रिजची पाच भोकं माझ्या बेसच्या भोकांवर येईनात, आणि कीज १८ मिलिमीटरच्या भोकाच्या, माझ्या हेडस्टॉकची भोकं १४ ची. त्याला लगेच फोन केला. तो म्हणाला, "दादा असं होतंच, थोडं ड्रिल करून घ्या, एकदा बसवून वाजवून तर बघा, नाही आवडलं तर मी परत घेतो ना." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, बसवून बघा.

आमच्या गावचे सुतारकाका, त्यांच्याकडे बेस घेऊन गेलो. त्यांनी हेडस्टॉकवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भोक मोठं कराचं तं करून देतो, पण मंग मांगं नाही जाता येत बाप्पा, इचार करून सांग." मी म्हटलं करा. गणपतीचा प्रोग्राम बारा दिवसांवर आला होता.

बसवलं. तारा चढवल्या तर दोन्ही कडेच्या तारा आत सरकलेल्या, कारण तारांमधलं अंतर माझ्या जुन्या ब्रिजवर १९ मिलिमीटर होतं आणि याच्यावर १७. तार पिकअपच्या (तारेचा आवाज पकडणारा भाग) मॅग्नेटवरून जायला पाहिजे ती बाजूनं चालली, ई आणि जी दोन्हींचा आवाज दबला. आणि ई तार उतरायची ती उतरतच होती, उलट जास्त.

तेव्हा मनात शंका आली. कीजवर २०:१ लिहिलं होतं, म्हणजे चावी वीस वेळा फिरवली की तार गुंडाळायची खुंटी एकदा फिरते. मी खुंटीवर मार्करनं ठिपका दिला आणि मोजत बसलो, सतराव्या फेरीलाच ठिपका जागेवर. चारही कीज तशाच. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून ब्रिजला लावलं, "पूर्ण पितळ" म्हणून विकलेली खालची पट्टी कट्टकन चिकटली. सॅडल चिकटले नाहीत, पण त्यावरून ते पितळच आहेत असं होत नाही, जस्तालाही चुंबक धरत नाही. म्हणून चारही सॅडल घेऊन तालुक्याला ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी काट्यावर ठेवले, ४० ग्रॅम. मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलले, ३४. फरक सहाचा, चाळीसला सहानं भागलं तर ६.७ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या तेवढ्या पट जड, आणि पितळाचं उत्तर साडेआठच्या जवळपास यायला पाहिजे. काकांनी एका कोपऱ्यावर कानस मारली, खाली पिवळं नाही, राखाडी निघालं. म्हणाले, "हे पितळ नाही व्हय, जस्ताचा माल हाय. काहून घेतलं बाबू एवढ्या पैशाचं?" मला उत्तरच देता आलं नाही.

त्या माणसाला सगळं सांगितलं. त्याचं उत्तर असं की ड्रिल करून बसवलेला माल कोण परत घेईल, मूळ पार्ट तुम्हीच बदलले नसतील कशावरून. व्हिडिओ नव्हता, म्हणून तोंड बंद. मी दोन दिवस भांडलो तेव्हा एकदम नरम पडला आणि म्हणाला ठीक आहे दादा, निम्मे देतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे जमा होतील. मी शेतात होतो, फवारणी सुरू, डोक्यात राग आणि आशा दोन्ही, केलं स्कॅन. ३००० अजून गेले. पैसे यायचे असतील तर पिन लागतच नाही, हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी आठवलं नाही. त्यानंतर नंबर बंद. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला, फोन मी तिसऱ्या दिवशी केला, तो त्याच तासाला करायला पाहिजे होता, पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं तर बँकेला ते अडवता येतात. तक्रार नोंदवली आहे, अजून काही हाती आलं नाही.

बेस शेवटी नागपूरला नेला. तिथल्या कारागिरानं पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं की रोग ब्रिजमध्येही नव्हता आणि कीजमध्येही, नटची ई तारेची खाच अरुंद होती, तार तिथं अडकायची आणि वाजवताना सुटायची. खाच कानशीनं रुंद केली, त्यात पेन्सिलीचं शिसं घासलं, ट्रस रॉड (दांड्याच्या आतली सळई) पाव फेरी फिरवला, सॅडल मागंपुढं करून बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरची आडवी पट्टी) सूर जुळवला. ७०० रुपये. सुतारकाकांनी मोठी केलेली भोकं सागवानाच्या खुंट्या ठोकून बुजवली, १४ ची परत पाडली आणि माझाच जुना ब्रिज, जुन्याच कीज बसवल्या, पैसे घेतले नाहीत. हेडस्टॉकवर चार गोल डाग दिसतात आता. नवरात्रात तोच बेस वाजवला, ई तार पूर्ण प्रोग्रामभर हलली नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे अमरावतीकडच्या एका ढोलकीवाल्या मित्राला परवा फोटो आला, निळ्या चौकटीच्या चादरीवर ठेवलेला ब्रिज, तिसऱ्या सॅडलच्या बाजूला आडवा ओरखडा. मला पाठवला होता तोच फोटो. विकणाऱ्याचं नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत ४२००. तुमच्याकडे हा फोटो आला तर पैसे पाठवू नका आणि मला कळवा, माझ्या तक्रारीत तो नंबर जोडायचा आहे.