घरून अकाउंट्सची नोकरी म्हणून ४१,२९९ रुपये गेले. नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका

१,८५०, मग ६,४९९, मग १४,२०० आणि शेवटी १८,७५०. एकूण ४१,२९९ रुपये. नोकरी देतो म्हणून माझ्याकडून काढून घेतलेले. घरी यांना माहीत आहे, सासूबाईंना अजून सांगायची हिंमत झालेली नाही. पण मी गप्प बसले तर उद्या दुसरी कुणी याच लोकांच्या तावडीत सापडेल.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. नोकरीच्या साइटवर बायोडाटा टाकला, व्हॉट्सॲपवर ‘एचआर’चा मेसेज आला, फोनवर मुलाखत झाली, लगेच पीडीएफमध्ये ऑफर लेटर. टॅली आणि जीएसटी रिटर्न, काम घरून, महिना २८,५००. मग कागदपत्रांच्या तपासणीचे पैसे, लॅपटॉपच्या विम्याचे, ट्रेनिंगचे आणि शेवटी डिपॉझिट. दर वेळी एकच वाक्य, “रिफंडेबल आहे मॅडम, पहिल्या पगारात जमा होईल.” पगार देणारा आधी पैसे मागत नाही. मागितले की नंबर ब्लॉक करा, कारण विचारत बसू नका.

आणि कुणी म्हणू नका की मी काहीच तपासलं नाही. लेटरवरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, मी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर टाकून पाहिला. कंपनी खरी, पत्ता खरा, संचालकही खरे. चोरांनी खऱ्या कंपनीचंच नाव उचललं होतं! कंपनी खरी असली म्हणून फोनवरचा माणूस तिथला ठरत नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर काढा, तिथे फोन करून विचारा.

माझा जीव जळतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा पिन मागण्याआधी स्क्रीनवर नाव आलं होतं. कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं नाव आणि आडनाव. मुलगी होण्याआधी मी सात वर्षं एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळलेत. बिलावर एक नाव आणि खात्यावर दुसरं, असं व्हाउचर माझ्या टेबलावरून कधी पुढे गेलं नाही. मालकांच्या नात्यातल्या माणसाचं बिलसुद्धा मी परत पाठवलं होतं. आणि इथे तेच माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी विचारलंही. तो शांतपणे म्हणाला, “कंपनीचं करंट अकाउंट जीएसटीने अटॅच केलंय मॅडम, तोपर्यंत एचआर पार्टनरच्या खात्यावर घेतोय.” जीएसटी कायद्याच्या कलम ८३ खाली बँक खातं तात्पुरतं जप्त होऊ शकतं हे मला माहीत आहे, म्हणूनच ते पटलं. ज्याला यातलं काही कळत नाही त्याने कदाचित पैसे पाठवलेच नसते. पण खातं खरंच जप्त असेल तर ही कंपनी मला पगार कुठून देणार होती? एवढा साधा प्रश्न तेव्हा सुचला नाही. पाच वर्षांच्या गॅपनंतर ‘गॅप चालेल’ असं पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. नोकरी शोधणाऱ्या बाईला त्या दोन शब्दांची किंमत काय असते ते तिलाच माहीत.

पुढचं तर आणखी संतापजनक. बँक म्हणते, “पिन तुम्हीच टाकला.” रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेले, तर ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे म्हणे. म्हणजे फसवून पिन टाकायला लावला की ती माझी परवानगी! पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम छोटी आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. छोटी कुणासाठी? माझ्या मुलीची वर्षाची फी आहे ती! ठाण्यातल्या साहेबांनी वर ऐकवलं, “शिकलेल्या असून कशा फसता तुम्ही?” अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. गुन्हा कुणाच्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. त्याची प्रिंट पुढे केली, कुणी हातातही घेतली नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याला केवायसी आहे, पॅन आहे, मोबाइल नंबर आहे. मग माणूस सापडत कसा नाही? आम्हाला साधं खातं उघडायला इतके कागद लागतात, ते नेमके कशासाठी घेता?

सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर केलेल्या तक्रारीमुळे पुढच्या एका खात्यात २,३१० रुपये गोठले आहेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. तो आणायला वकील लागतो आणि वकिलाची फी याहून जास्त.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. ‘एचआर’शी भांडत बसू नका, “संध्याकाळपर्यंत रिफंड येतो” म्हणत तो फक्त वेळ काढतो आणि तेवढ्यात पैसे चार खाती पुढे जातात. चॅट डिलीट करू नका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लिहून ठेवा. तक्रारीनंतर “पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा” असे फोन येतात, मलाही आला. तीही तसलीच टोळी.

आणि पीएफच्या नावाखाली आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक पाठवून बसला असाल तर आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा. क्रेडिट ब्यूरोकडून, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून तुमच्या नावावर कुणी कर्ज घेतलंय का ते बघा. माझा काढला, सध्या स्वच्छ आहे. काही महिन्यांनी दुसऱ्या ब्यूरोचा काढणार आहे.