डॉट मॅट्रिक्स घ्यावा की इंक टँक: टॉवेलच्या धंद्यात दोन्ही वापरून झाल्यावर

आमचा मेव्हणा सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाळा घेऊन टॉवेल-नॅपकिनचं होलसेल चालू करतोय, कॉम्प्युटर घेऊन झाला, हिशेबाचं टॅली टाकून झालं, आता प्रिंटरवर येऊन अडलंय. परवा फोनवर म्हणाला, "दाजी, नवी पेठेतला दुकानदार म्हणतोय इंक टँकच घ्या, आता डॉट मॅट्रिक्स कोण घेतंय, आणि तुमच्या गोडाऊनला तर अजून तेच मशीन आहे की, तुम्ही का बदलत नाही?" मी म्हणलं, बाबा मी बदललं होतं. दीड वर्ष इंक टँकवर, म्हणजे टाकीत शाई भरायच्या प्रिंटरवर बिलं काढली आणि परत डॉट मॅट्रिक्सवर, म्हणजे रिबिनीवर पिना मारून छापणाऱ्या मशीनवर आलो, तेपण जुनं दुरुस्त करून नाही, नवीन मशीन विकत घेऊन. फोनवर त्याला सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एवढं सांगतो की हे फक्त माल बाहेर पाठवणाऱ्या माणसासाठी आहे, म्हणजे रोज बिल, चलन, बिल्टी, टेम्पो, हमाल असं ज्याचं चालतं त्याच्यासाठी. घरी पोरांचे प्रोजेक्ट आणि आधारची झेरॉक्स एवढंच काम असेल तर डॉट मॅट्रिक्सचा विचारसुद्धा करू नका, इंक टँक सरळ घ्या.

इंक टँकचं चांगलं ते चांगलंच म्हणणार मी. आवाज नाही, पार्टीशी फोनवर बोलताना प्रिंट सोडता येते, स्कॅनर त्यातच असतो, चादरीच्या नव्या डिझाईनचे रंगीत फोटो काढून पार्टीला पाकिटात घालून देता येतात, आणि मराठी एकदम स्वच्छ येतं. हा शेवटचा मुद्दा लहान नाही, कारण ९ पिनच्या डॉट मॅट्रिक्सवर मराठीच्या वेलांट्या आणि रफार तुटक दिसतात, हमालांसाठी गाठींची यादी मराठीत काढायची असेल तर २४ पिनचं मशीन लागतं आणि तेपण सावकाश छापतं. किंमत म्हणाल तर दोन्ही आसपासच आहेत, त्यामुळं पैशावर निर्णय होत नाही असं मला वाटतं. शाई स्वस्त, रिबिनपण स्वस्त.

शाई वाळायचा त्रास झाला का? झाला. आमच्या गोडाऊनला वर पत्रा आहे, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ च्या घरात जातो तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल ते सोलापूरकराला सांगायला नको. लग्नसराईत आठ-दहा दिवस बंद ठेवून परत आलो की पहिली दोन पानं पट्टे मारून यायची, मग हेड क्लिनिंग करा, त्यात शाई जाते, ती सगळी आतल्या पॅडमध्ये साठत बसते. पण खरं सांगतो, एवढ्यासाठी मी मशीन बदललं नसतं. दोन दिवसाआड एक रंगीत पान काढलं की बऱ्यापैकी चालतं.

मला ज्यानं परत फिरवलं ती गोष्ट म्हणजे तीन प्रती आणि एक सही.

तुम्हाला माहितीच आहे, जीएसटीत मालाचं बिल तीन प्रतीत काढायचं असतं, पहिली माल घेणाऱ्याची, दुसरी ट्रान्सपोर्टची, तिसरी आपली. डॉट मॅट्रिक्सला थ्री-प्लायची, म्हणजे तीन कागद एकावर एक असलेली कॉम्प्युटर स्टेशनरी लावली की एकदा छापलं की तिन्ही तयार, आणि मुख्य म्हणजे प्रती वेगळ्या करायच्या आधीच टेम्पोवाल्याची सही घेतली की ती सही तिन्हीवर उमटते. वरच्या कागदाच्या पाठीला बारीक कॅप्सूलचा थर असतो, पिनचा मार बसला किंवा पेन दाबून चाललं की त्या फुटतात आणि खालच्या कागदावर अक्षर येतं, एवढीच त्यातली करामत. इंक टँकवर काय होतं, तीन वेळा छापायचं आणि तीन ठिकाणी सही घ्यायची. वाचायला किरकोळ वाटतं. पण संध्याकाळी साडेसहाला छोटा हत्ती दारात उभा, मागं दुसऱ्या गोडाऊनला जायची त्याची घाई, गाठी मोजणारा हमाल तिकडं ओरडतोय, त्यात तो ड्रायव्हर एका कागदावर सही करतो, दुसऱ्यावर करतो आणि तिसरा आपला राहतो. दर वेळी नाही राहत, पण ज्या वेळी राहतो तीच वेळ नेमकी अडचणीची निघते.

आमच्याकडं तसंच झालं. कर्नाटकातल्या एका पार्टीला चौदा गाठी गेल्या आणि तिकडं बारा उतरल्या. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला आमच्याकडं बाराच चढल्या. मी फाईल काढली तर आमची प्रत कोरी, सहीच नाही. त्यांच्याकडची प्रत त्यांनी दाखवली नाही, आणि मागायचा हक्क असला तरी धंद्यात रोज त्यांच्याकडूनच माल पाठवायचाय. शेवटी निम्मं नुकसान आम्ही सोसलं. त्याच्या पुढच्या महिन्यात अजून एक प्रकार, आमच्या दिवाणजींनी दोन प्रती छापल्यावर पार्टीचा फोन आला म्हणून त्याच बिलात वीस डझन वाढवले आणि तिसरी प्रत नंतर छापली, म्हणजे एकाच नंबरच्या बिलाच्या दोन प्रतीत एक आकडा आणि तिसरीत दुसरा. चूक दिवाणजींची म्हणा, पण थ्री-प्लायवर ही चूक करायची म्हणलं तरी होत नाही, कारण तिन्ही कागदांवर एकच मार बसलेला असतो. बदल करायचा तर अख्खा संच बाजूला टाकून नवीन काढावा लागतो आणि ते सगळ्यांना दिसतं. त्या दिवशी मी ठरवलं.

आता कुणी म्हणेल मग लेझर घ्यायचा, शाई वाळायची भानगड नाही. लेझर चांगला आहे, छपाई सगळ्यात सुंदर, पण प्रती परत तीन वेळाच छापाव्या लागतात, आणि त्यात पावडर वितळवायला हीटर असतो तो एकदम एवढा करंट ओढतो की साध्या यूपीएसच्या बॅटरीवर लेझर लावायचा नसतो. आमच्याकडं लाईट गेली की कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स दोन्ही यूपीएसवर आरामात चालतात, तेवढ्यात दोन गाड्यांची बिलं निघतात.

डॉट मॅट्रिक्सचे तोटे लपवत नाही. आवाज आहे, आणि तो कमी होत नाही. कागद पहिल्यांदा लावताना छिद्रं दोन्ही बाजूनं सारखी बसली नाहीत तर तिरकं जातं, नवीन पोराला शिकायला चार दिवस लागतात. दुसरं जास्त महत्त्वाचं, त्या थ्री-प्लायच्या कार्बनलेस कागदावरची खालची प्रत उन्हानं-उष्णतेनं फिकी पडत जाते, आणि जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. माझी चार वर्षांपूर्वीची काही बिलं आता डोळे ताणून वाचावी लागतात. त्यावर उपाय म्हणून मी सही झालेल्या आमच्या प्रतीचा त्याच संध्याकाळी मोबाईलवर फोटो काढून महिन्याच्या फोल्डरला टाकतो. थोडं काम वाढतं, पण वाढतं.

आणि एक जागा अशी आहे जिथं मी स्वतः डॉट मॅट्रिक्स घ्या म्हणणार नाही. ज्यांचा टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेलाय त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायचं बिल आहे, त्यात क्यूआर कोड येतो, आणि ९ पिनवर तो क्यूआर कोड मी एका मित्राच्या बिलासाठी छापून बघितला तर मोबाईलनं चार वेळा धरून एकदा ओळखला, खालच्या प्रतीवर तर नाहीच. शिवाय ई-इन्व्हॉइसला तीन प्रतींचा नियम लागूच नाही, म्हणजे थ्री-प्लायचं अर्धं कारण तिथंच संपतं. तुम्ही त्या गटात असाल तर लेझर घ्या आणि सहीसाठी वेगळं चलनबुक ठेवा, असं मला वाटतं.

मेव्हण्याच्या धंद्याला अजून तिथं पोचायचंय, पहिली दोन-तीन वर्षं तरी तो त्या आकड्याच्या खालीच राहील. म्हणून त्याला मी ९ पिनचं ८० कॉलमचं, म्हणजे एका ओळीत ८० अक्षरं बसणारं मशीन सांगितलंय, यूएसबी असतंच त्याला, जुनी जाड केबल लागत नाही. टॅलीत प्रिंट फॉरमॅट ‘नीट’ वर असतो तो ‘डॉट मॅट्रिक्स’ वर करायचा, नाहीतर चित्रासारखं एकेक ओळ घासत बसतं, वेळ जातो आणि रिबिनपण लवकर उतरते. बऱ्याच जणांनी हे न केल्यामुळंच मशीन स्लो आहे म्हणून काढून टाकलंय. कागदाच्या खोक्यावर दुसरं खोकं ठेवायचं नाही, दाबानं खालच्या प्रतींवर डाग पडतात. आणि टेम्पोवाल्याच्या सहीसाठी टेबलाला दोरीनं बॉलपेन बांधून ठेवायचं, जेल पेन चालत नाही, ते दाबून लिहिलं जात नाही आणि तिसऱ्या प्रतीपर्यंत सही पोचत नाही.

माझं इंक टँक घरी आहे, पोरगी वापरते. मेव्हण्याला म्हणलंय, टॉवेलच्या पाकिटावरची रंगीत लेबलं काढायची असतील तर रविवारी घरी ये आणि काढून ने.