सिस्मिक व्हॉल्व्ह की एक्सेस फ्लो? लॉस एंजेलिसमध्ये घर घेताय त्यांच्यासाठी

लॉस एंजेलिस सिटीत घर विकताना, किंवा १० हजार डॉलरच्या वरचं परमिटचं काम काढलं की, भूकंपात गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह लागतो हे तुमच्या एजंटने सांगितलंच असेल. नियमाला सिस्मिकही (जमीन जोरात हलली की बंद होणारा) चालतो आणि एक्सेस फ्लोही (गॅस प्रमाणाबाहेर वाहिला की बंद होणारा), त्यामुळे बहुतेक जण प्लंबर जो म्हणेल त्याला हो म्हणतात. माझ्या मते तिथे जरा थांबून विचार करावा.

एक्सेस फ्लोची कल्पना छान आहे. पाइप तुटून गॅस धो धो सुटला तरच बंद, नुसती जमीन हलली आणि पाइप शाबूत असेल तर चालू. आमच्याकडे आधीच्या मालकाने घर विकताना हाच लावला होता आणि टाकीवाला वॉटर हीटर होता तोवर काही त्रास नव्हता.

मग टँकलेस आला, म्हणजे टाकी नसलेला, लागेल तेव्हाच पाणी तापवणारा हीटर. टाकीवाला असतो साधारण ४० हजार बीटीयूचा (तासाला किती गॅस जाळतो त्याचं माप), आमचा टँकलेस १ लाख ९९ हजारांचा. थंडीत सकाळी घर गरम करणारी फर्नेस चालू, कोणीतरी आंघोळीला, गॅसवर चहा, की सगळं एकदम बंद. व्हॉल्व्हला वाटतं पाइपच तुटला. मग सगळं बंद करा, प्रेशर परत यायची वाट बघा, परत पेटवा, आणि हे ऑफिसच्या घाईत. प्लंबर म्हणाला मोठ्या साइजचा टाकू, पण मला खटकलं ते हेच, की व्हॉल्व्ह जितका मोठा तितकी मोठी गळती त्याला रोजचा वापर वाटणार. भूकंपात हीटर सरकून त्याच्या गॅसच्या नळीला चीर गेली तर सुटणारा गॅस एकट्या टँकलेसच्या खपापेक्षाही कमी असू शकतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच राहणार आणि घरात गॅस साठत जाणार.

सिस्मिक गळती मोजतच नाही. आत धातूचा गोळा असतो, जोरात हादरा बसला की जागेवरून सुटून वाट अडवतो, वीज लागत नाही. १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपात ग्रॅनडा हिल्सला बाल्बोआ बुलेवार्डवर रस्त्याखालची मोठी लाइन फुटून घरं जळाली, तिथे घराचा कुठलाच व्हॉल्व्ह कामाचा नव्हता, पण आपल्या भिंतीच्या आतलं तरी आपल्या हातात आहे ना.

सिस्मिकचाही त्रास आहे, नाही असं नाही. गळती नसली तरी बंद होतो, आणि नीट तपासल्याशिवाय रिसेट करायचा नाही. मोठ्या भूकंपानंतर गॅस कंपनीचा माणूस यायला कित्येक दिवस लागू शकतात, तोवर गार पाणी. घरात तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर हा मुद्दा लहान नाही, आणि गॅसवर फक्त शेगडी नि छोटा हीटर असेल तर एक्सेस फ्लोही कदाचित पुरेल. आम्ही बदलून सिस्मिक घेतला आणि सकाळची ती कटकट संपली.

दोन्हींपैकी काहीही घ्या, लागतो मीटरनंतर, आपल्या बाजूच्या पाइपवर, लायसन्सवाल्या प्लंबरकडून. सिस्मिक असेल तर पाइप भिंतीला घट्ट बांधून घ्या, लटकता राहिला तर धक्का लागूनही गोळा पडतो. आणि सेलर व्हॉल्व्ह लावून देणार असेल तर एस्क्रो चालू असतानाच, म्हणजे सौदा पूर्ण होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे असतात तेव्हाच, विचारा कुठला लावतोय, वरचे पैसे आपण भरतो म्हटलं की सहसा ऐकतात.