शाळांच्या इतिहासाचा पुण्यातला वॉक, नववीच्या वर्गाला नेलं होतं, त्याचा अनुभव

मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला इतिहास शिकवते. गेल्या महिन्यात नववीची बेचाळीस मुलं घेऊन पुण्यात 'सगळ्यांसाठी शाळा कशी आली' या विषयावरचा हेरिटेज वॉक केला. माणशी दोनशे रुपये, शिक्षकांना फ्री, साधारण साडेतीन तास. चालवणाऱ्या ग्रुपचं नाव टाकत नाही, खटकलेलं त्यांना फोनवर सांगून झालंय, पण सहल काढणाऱ्या इतर शिक्षकांना आधी कळावं म्हणून लिहितेय.

सगळ्यात भारी झालं ते गंज पेठेतल्या फुलेवाड्यात. तिथल्या गाईड ताईंनी जन्म अमुक, मृत्यू तमुक असलं काही सुरूच केलं नाही. मुलांना अंगणात बसवलं आणि विचारलं, तुमच्या शाळेचा खर्च कोण करतं? सरकार. सरकारकडे कुठून येतो? मग जरा शांतता. मग त्यांनी सांगितलं की १८८२ साली हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, जोतीरावांनी हाच मुद्दा मांडला होता, सारा भरतो शेतकरी, राबतो शेतकरी, आणि तो पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, म्हणून आधी प्राथमिक शिक्षण द्या, निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. माझ्या वर्गातली एक मुलगी, घरी ऊस असतो त्यांच्या, ती एकदम म्हणाली, "म्हणजे बाई, आमच्या पैशावर दुसऱ्यांची पोरं शिकली." वर्षानुवर्षे मी हा धडा शिकवतेय, पण असं वाक्य माझ्या वर्गात कधी कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.

मग त्याच धाग्यावर पुढचं सगळं. सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्ती करून बघितली आणि १९०६ ला सगळ्या बडोदा संस्थानात लागू केली, गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला मोफत आणि सक्तीचं केलं, आणि सहा ते चौदा वयासाठी देशभरचा शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं. मागे बसलेल्या एका पोराने वहीच्या पुठ्ठ्यावर वजाबाकी केली, २०१० वजा १८८२, १२८ वर्षं. ताईंनी ती वही मागून घेतली आणि सगळ्यांना दाखवली.

आता खटकलेलं. भिडेवाडा, जिथे फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला, हे बुकिंग करताना सांगायला हवं होतं, मुलं वाडा बघायला म्हणून आली होती. समोर दगडूशेठची गर्दी, हॉर्न, माईक नाही, मागच्या वीस मुलांना एक अक्षर ऐकू आलं नाही. आणि इथे दुसरे गाईड होते, त्यांनी १८४८ ची ही 'देशातली मुलींची पहिली शाळा' असं ठोकून दिलं. अहो मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ लाच मुलींची शाळा काढली होती, बंगालात बारासातला १८४७ ला भारतीयांनीच काढली. सावित्रीबाईंचं मोठेपण 'पहिली' या शब्दावर उभंच नाही. ज्या शहरात बाई शिकवायला निघाली की अंगावर शेण पडायचं तिथे त्या रोज शाळेत गेल्या, आणि फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. मुक्ता तेव्हा आमच्या नववीच्या पोरींएवढीच असेल! तिचं नावही घेतलं नाही याचं मला फार वाईट वाटलं. मग बसमध्ये मीच सांगितलं.

विश्रामबागवाडा चांगला झाला. १८२१ ला इथेच, ब्राह्मणांना दक्षिणा म्हणून द्यायच्या पैशातून संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८५२ ला याच वाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला, हे तिथे उभं राहून ऐकताना मुलांचे डोळे मोठे झाले होते. हुजूरपागा या मुलींच्या शाळेला मात्र बाहेरूनच फोटो आणि निघा. १८८४ ला ती शाळा निघाली, तिथे मुलींना इंग्रजी वगैरे शिकवण्यावर टिळकांनी टीका केली होती, तो वाद पूर्ण गाळला. का गाळायचा? मोठी माणसंसुद्धा यावर भांडली हे मुलांना कळलं तरच त्यांना शाळा कुणीतरी भांडून मिळवलेली वाटेल ना.

शेवटी दिलेली वर्कशीट म्हणजे गाळलेल्या जागा भरा, ती मी वाटलीच नाही.

पाचपैकी साडेतीन. बुक करताना फुलेवाड्याच्या गाईड ताईच पूर्ण वेळ मागा, चाळीसच्या वर मुलं असतील तर माईकचं आधीच ठरवून घ्या, आणि सकाळी साडेसातलाच सुरू करा, नंतर बुधवार पेठेत पाय ठेवायला जागा नसते. मी पुढच्या वर्षी परत नेणार आहे, फक्त फुलेवाड्यात दीड तास द्या असं सांगून आणि वर्कशीट माझी स्वतःची घेऊन.