सेकंडहँड डेस्कटॉपवर विश्व चालवलं : आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये राजारामपुरीतून जुना डेस्कटॉप घेतला. आठ कोर, 16 जीबी रॅम. दुकानदार म्हणाला, "सर, गेमिंगला लई भारी." म्हटलं, गेम नाही, त्रिकोण जोडायचेत. तो बघतच राहिला.

क्वांटम गुरुत्वाच्या अभ्यासातली 'कॉजल डायनॅमिकल ट्रायअँग्युलेशन' नावाची पद्धत आहे, तिने संगणकात छोटं विश्व रचायचं. अवकाशकालाचे त्रिकोण पाडायचे, माँटे कार्लोने, म्हणजे फासे टाकल्यासारखी, त्यांची जोडणी बदलत राहायची आणि लाखो जोडण्यांवरून सरासरी काढायची, असं हे काम. अट एकच, त्रिकोण काळाच्या थरांत रचायचे आणि त्या थरांना फाटे फुटता कामा नयेत. भौतिकशास्त्रज्ञ अँबियॉर्न आणि लोल यांनी ती 1998 मध्ये घातली. नुसती अटच, पण फरक बघा. दोन मितींत ती काढून टाकली, तर एका बिंदूभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केल्यावर त्यातले त्रिकोण सोळापट व्हायला हवेत. अट असली की चौपट. माझ्याकडे चौपट छान जुळलं. सोळापट मात्र काही येईना, बारापर्यंत जाऊन अडलं. विश्व लहान पडतं, दुसरं काय.

आठ कोरांचा मोह धरू नका. प्रत्येक पायरी आधीच्या जोडणीवर उभी असते, त्यामुळे एक साखळी एकाच कोरवर रांगते. बाकीच्या सातांवर वेगवेगळे सीड (फाशांची सुरुवात ठरवणारे आकडे) लावले, चुकांचा अंदाज घ्यायला तेवढाच उपयोग.

विश्वाच्या आकाराला लगाम घालणाऱ्या वैश्विक स्थिरांकाने एकदा चांगलंच फसवलं. दोन मितींत त्याची सीमा 2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे 0.693. मी घाईत 0.65 टाकून झोपलो. विश्व रात्रभर फुगत गेलं, सकाळी रॅम भरून मशीन गोठलेलं. आई म्हणाली, "रात्रभर गिरणी लावलीस काय रं?"

त्याहून मोठा फटका जुलैच्या पावसात बसला. लाइट गेली आणि अकरा दिवसांचा रन पाण्यात. सोबत घेतलेला यूपीएस "अर्धा तास आरामात" म्हणून गळ्यात मारला होता, तो सात मिनिटांत आडवा. आता दर अर्ध्या तासाला जोडणी डिस्कवर साठवतो. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

चार मितींचा नाद या मशीनवर सोडला. अँबियॉर्न, युरकिएविच आणि लोल यांना 2005 मध्ये लांब पल्ल्यावर वर्णपटीय मिती (भरकटत चालणाऱ्या कणाला जाणवते ती मिती) 4.02 आणि अगदी जवळून 1.80 मिळाली होती. तेवढं मोठं विश्व इथे स्थिरावायलाच वर्ष जाईल.

दोन मितींसाठी मात्र पैसे वसूल. फक्त यूपीएसची बॅटरी नवी घ्या, आणि बिल मागून घ्या.